डावा फ्रेश, उजवा सेकंड

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. हे वाचताना कुणाच्या ओठांवर 'सौंदर्य मनाचं असतं' हे वाक्य येणार असेल, तर त्याने इथेच थांबावं आणि आपल्या कामाला लागावं. आजारपणात मला हे इतक्या लोकांनी ऐकवलं, की शेवटी मी दाराची बेल वाजली तरी झोपल्याचं सोंग घ्यायला लागलो. यातल्या एकानेही, माझा चेहरा धड होता तेव्हा, माझ्या मनाची चौकशी केली नव्हती. चेहरा गेला आणि सगळ्यांना एकदम माझं मन आठवलं.

मी सुधाकर. राहणार टेमघर. भिवंडीत एका लूमच्या कारखान्यात फोल्डिंग खात्यात कापड तपासतो. पन्नाशी ओलांडली आहे, हे माझ्याकडे बघून कळत नाही असं मला परवापर्यंत वाटत होतं.

घरात माझं दुसरं नाव 'हिरो'. हे मी ठेवलेलं नाही, पण लोकांनी ठेवलं तेव्हा फार विरोधही केला नाही. डाव्या गालावर जन्मापासून एक टपोरा तीळ आहे. लहान पोराला नजर लागू नये म्हणून गालावर काजळाची तीट लावतात. आई सगळ्या आळीला सांगायची, "माझा सुध्या पोटातनंच तीट लावून आलाय, मला काजळ घालावं लागत न्हाय." हे ऐकत वाढलेला माणूस बिघडणार नाही तर काय होणार? खिशात कंगवा, मिशीला वेगळी कात्री. माझी बायको रंजना म्हणते, आमच्या लग्नात तिच्यापेक्षा मला तयार व्हायला जास्त वेळ लागला होता. साफ खोटं आहे. सारखाच लागला होता.

आता माझं काम. लूमवरून उतरलेला कापडाचा ताका माझ्या टेबलावर येतो. टेबलाला वर काच, खाली ट्यूबलाइट. त्या उजेडावरून कापड ओढत जायचं आणि तुटका धागा, गाठ, तेलाचा डाग, आडवा पट्टा दिसला की किनारीला खडूने खूण करायची. खुणा कमी असतील तर माल 'फ्रेश', जास्त असतील तर 'सेकंड'. सेकंड मालाचा ढीग वेगळा, गिऱ्हाईक वेगळं, त्याच्याशी बोलायचा आवाजही वेगळा. इतकी वर्षं हे केल्यावर डोळ्याला सवय लागते. मला कापड दिसतच नाही, फक्त खोट दिसते. कुणी विचारलं की सुधाकर, सुंदर म्हणजे काय, तर मी सांगितलं असतं, ज्यात मला खडू उचलावा लागत नाही ते.

याच डोळ्याने मी माणसंही बघायचो. आणि आरसाही. आरशात खडू उचलायची वेळ कधी आली नव्हती.

गालगुंड

दाढी करताना उजव्या कानाखाली गाठ लागली. वाटाण्याएवढी. दुखत नव्हती. न दुखणाऱ्या गोष्टीसाठी डॉक्टरकडे जाणं आमच्या घराण्यात बसत नाही, म्हणून मी थोरल्या बहिणीला फोन केला. शकूताई अंजूरला दिलेली. तिकडे शेतं जाऊन गोदामं आली, पण ताईच्या डब्यातली औषधं जागची हलली नाहीत.

ती रिक्षाने आली, गाठ दाबली आणि निकाल दिला. "काय न्हाय रं, गालगुंड हाय."

"ताई, गालगुंड पोरांना होतं. या वयात?"

"तुझं वय झालंय असं तू कधी मानलंस? म्हून झालं."

आंबेहळदीचा लेप सुरू झाला. मी अर्धा पिवळा गाल घेऊन कामाला जायचो. आमच्या खात्यात इरफान आहे, गोरखपूरचा, मेंडिंग करतो, म्हणजे मी खूण केलेल्या गाठी चिमट्याने काढतो. माझ्या मुलीचं, प्रज्ञाचं लग्न ठरलंय हे त्याला माहीत होतं. त्याने मला आपादमस्तक न्याहाळलं. "सुधाकरभाई, शादी बेटी की है ना? हल्दी आप को क्यों लगी है?"

सगळं खातं हसलं. मीही हसलो. तेव्हा दोन्ही बाजूंनी हसत होतो.

गाठ लिंबाएवढी झाली तेव्हा प्रज्ञाने लेपाची वाटी मोरीत ओतली आणि मला हाताला धरून डॉक्टरकडे नेलं. ज्यांच्या कानाखाली अशी न दुखणारी गाठ असेल त्यांनी कृपा करून हा एवढा परिच्छेद दोनदा वाचावा. बाकीचं नाही वाचलं तरी चालेल.

पहिला प्रश्न

सुईची तपासणी झाली. रिपोर्ट घेऊन आम्ही तिघं ठाण्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टरांसमोर बसलो. डॉक्टर माझ्या मुलीपेक्षा थोडे मोठे असतील. म्हणाले, गाठ वाईट जातीची आहे, पण संथ आहे, काढली की बरेच जण ठीक राहतात. मग त्यांनी कागदावर झाड काढलं. एक बुंधा, पाच फांद्या.

"ही तुमच्या चेहऱ्याची नस. गाठ ज्या लाळेच्या ग्रंथीत आहे, बरोबर तिच्या आतून जाते. गाठ एखाद्या फांदीला धरून बसली असेल, तर ती फांदी आम्हाला सोडावी लागेल."

"सोडावी म्हणजे?"

"कापावी. मग उजवी बाजू हलणार नाही. डोळा पुरता मिटणार नाही, ओठ एका बाजूला ओढला जाईल. थोडं परत येतं. सगळं येईल असं सांगत नाही."

माणसाने अशा वेळी काय विचारावं? मी वाचेन का. पसरलंय का. माझं पहिलं वाक्य असं होतं, "डॉक्टर, पुढं लग्न आहे. फोटो असतील."

"कुणाचं लग्न? तुमचं?"

"मुलीचं."

"मग लोक मुलीकडे बघतील."

या डॉक्टरांनी माझा जीव वाचवला. तरीही त्या एका वाक्यासाठी मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

मी वाचेन का, हे शेवटी रंजनाने विचारलं. बाहेर रिक्षाच्या रांगेत उभं राहिल्यावर फुटली. "कॅन्सर म्हणाले ते. कॅन्सर! आणि हा माणूस फोटोचं विचारतो. जगण्याचं कोण विचारणार, मी?"

"तू विचारलंस ना मग."

"हो, विचारलं! तुमच्या तोंडात तो प्रश्नच नव्हता!"

रांगेतले लोक वळून बघायला लागले. मी सवयीने केसांवरून हात फिरवला. रंजनाने तो हात असा काही झटकला, की पुढचा माणूस आपली जागा आम्हाला देऊन मागे गेला. घरापर्यंत रिक्षात प्रज्ञा मध्ये बसून दोघांचे हात धरून होती, भांडणाऱ्या पोरांना शाळेतून आणावं तशी.

हसून दाखवा

ऑपरेशननंतर शुद्धीवर आलो तेव्हा पहिलं वाक्य ऐकलं, "काका, हसून दाखवा."

मला वाटलं, गंमत करतायत. पण पुढचे सगळे दिवस तेच. सकाळी राऊंडला पाच-सहा जण यायचे, खाटेभोवती उभे राहायचे. हसा. गाल फुगवा. डोळे घट्ट मिटा. शिट्टी वाजवा. मी जीव तोडून हसायचो आणि ते माझ्या तोंडाकडे टेबलावरच्या ताक्यासारखे बघायचे. त्यांच्या डोळ्यांत मला माझाच डोळा दिसायचा. फक्त खडू नव्हता, पेन होतं.

एक फांदी गेली होती, दोन दुखावल्या होत्या. गाठ मात्र सगळी निघाली. ही आनंदाची बातमी होती, पण तेव्हा मला कुणाच्या आनंदात भाग घ्यायचा नव्हता.

तो वॉर्ड तोंड, जबडा आणि मानेच्या पेशंटांचा. तिथे सरळ तोंडाचा माणूस दिसला की समजावं, नातेवाईक आहे. सुरुवातीला मी त्या सगळ्यांचा तिरस्कार केला. खोटं कशाला बोलू? शेजारच्या खाटेवरच्या माणसाचा अर्धा जबडा काढला होता, आणि मी त्याच्याकडे पाठ करून झोपायचो. त्याला बघून मला त्याची दया यायची नाही, भीती वाटायची की मीही असाच दिसतो की काय. तो भला माणूस मला रोज खुणेने विचारायचा, जेवलास का. मी पाठीनेच मान हलवायचो.

वॉर्डात एक मावशी होत्या, तोंडं पुसायला. त्या माझं तोंड पातेलं घासावं तसं पुसायच्या. कानापासून हनुवटीपर्यंत खसाखसा, टाके चुकवून, इकडे लाळ, तिकडे डोळ्यातलं मलम. माझ्याशी बोलता बोलता पलीकडच्या खाटेवर ओरडायच्या, "ओ, नळी नका ओढू!" माझ्या चेहऱ्यात त्यांना पुसायच्या जागेपलीकडे काही दिसत नव्हतं. दिवसभरातला तेवढाच वेळ मला बरं वाटायचं.

आरसा रंजनाने मिळू दिला नाही. तेव्हा मी फोन मागितला. माझा फोन चेहरा दाखवला की उघडतो. दाखवला. उघडला नाही. पुन्हा दाखवला, मान सरळ करून, दिव्याकडे तोंड करून. त्याने सांगितलं, ओळख पटत नाही. मशीन बिचारं. त्याला मनाचं सौंदर्य बघायला कुणी शिकवलेलं नव्हतं.

मी फोन गादीवर आपटला. प्रज्ञाने तो उचलला, नंबर घालून उघडला आणि काहीतरी करायला लागली.

"पप्पा, इकडे बघा. आता मान डावीकडे. हळू. आता उजवीकडे."

"काय करतेस?"

"नवा चेहरा घालतेय यात." तिने पडद्याकडे बघूनच सांगितलं. "झालं. आता तुम्हाला उघडेल."

जुना चेहरा तिने पुसला की ठेवला, हे मी आजवर विचारलेलं नाही.

भिवंडीचा भ

घरी आलो आणि एक नवी भानगड कळली. प, फ, ब, भ, म ही अक्षरं दोन्ही ओठ नीट मिटल्याशिवाय निघत नाहीत. माझा उजवा ओठ सुट्टीवर. हवा तिकडून पळायची. मी ज्या गावात जन्मलो त्याचं नाव मला घेता येईना. 'हिवंडी' व्हायचं. आणि दारात आलेल्या माणसाला उलटून जय भीम म्हणायला गेलो की त्यात भही अडकायचा आणि मही. मी आमच्या कुटुंबातला गोष्टी सांगणारा माणूस. बारसं असो की जयंती, माईक माझ्याच हातात. आता दोन शब्दांचा साधा नमस्कार करताना समोरच्याच्या शर्टावर शिंतोडे उडत होते.

लोक यायचे. चेहऱ्याकडे बघायचे, दचकायचे, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बोलायचे. आमच्या घड्याळाला इतके लोक कधीच टक लावून बघत नव्हते. जाताना दारात चप्पल घालत 'मनाचं सौंदर्य' सोडून जायचे. एकाने तर सांगितलं, "पुरुषाला काय चेहऱ्याचं एवढं?" मला त्या माणसाचं नाव लिहायचा मोह होतोय. त्याच्या डोक्याला कलप असतो.

जेवताना उजव्या गालाला घाम सुटायचा, ओठातून वरण गळायचं, डोळा उघडाच. नाव सुधाकर, म्हणजे चंद्र. माझी कायमची अष्टमी झाली होती.

लग्न जवळ आलं तसे सल्ले वाढले. मुलाकडचे लोक खारबावचे. विहीणबाईंचा फोन आला. फार गोड बोलतात. "दादा, हॉलमध्ये धूळ असती, माणसांची गर्दी असती. तुम्ही आपला मास्क लावून ठेवा हां. तब्येतीसाठी."

शकूताईला गोड बोलता येत नाही. ती समोर बसली आणि म्हणाली, "सुध्या, राग येऊ देऊ नको. पुढं फोटोला रंजनाला उभी कर. मेणबत्ती पेटवायला माझे मालक हायेत. तू जरा मागं बस. लेकीचे फोटो जन्माचे असत्यात."

आमच्याकडे लग्नात मुलाचे आणि मुलीचे आईबाप बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे मेणबत्ती लावतात. त्रिशरण होतं, मग पुढचं सगळं. माझ्या लेकीची मेणबत्ती मी लावायची की नाही, यावर माझी बहीण माझ्याच घरात माझ्याच सोफ्यावर बसून निकाल देत होती.

मी काय केलं? भांडलो? नाही. बाजारात जाऊन पांढरा मास्क आणला, कपड्यांना शोभेल असा. कारण खरं सांगायचं तर शकूताई तेच बोलली होती, जे मी रोज आरशासमोर बोलत होतो. तिच्यावर चिडलो ते त्यासाठीच. रंजनाने तो मास्क बघितला आणि इतकंच म्हणाली, "इस्त्री करून देऊ का?" त्या चार शब्दांत किती विष होतं ते नवरे लोकांना कळेल.

फोल्डिंग खातं

त्याच आठवड्यात कामावर रुजू झालो. डोळ्यात कापसाची धूळ जाऊ नये म्हणून गॉगल, वर टोपी, तोंडावर रुमाल. टेबलापाशी आलो तर सगळं खातं एकदम कामात बुडालं. बघून न बघितल्यासारखं करणारे ते दहा-बारा चेहरे. मला वाटलं, इथेही घड्याळ शोधतायत.

इरफान चिमटा खाली ठेवून आला. त्याने माझा रुमाल सरळ खाली ओढला. नीट बघितलं, या बाजूने, त्या बाजूने.

"अरे सुधाकरभाई," तो म्हणाला, "ये तो आधा माल सेकंड में चला गया."

कुणीतरी "इरफान!" म्हणून ओरडलं. पण मला हसू आलं. कित्येक महिन्यांनंतर पहिलं, डॉक्टरांनी न मागितलेलं. डावा ओठ वर गेला, उजव्यातून लाळ गळाली, आणि मी म्हणालो, "आणि आधा?" 

"आधा अभी भी फ्रेश है." त्याने माझा खडू माझ्या हातात दिला. "चलो, ताका लगा है."

मी त्याच्यावर चिडायला हवं होतं. इरफानने मला उघडउघड सेकंड ठरवलं होतं. पण त्याने आधी बघितलं होतं. बाकीचे सगळे न बघताच सेकंडच्या ढिगात टाकून वर फ्रेशचा शिक्का मारत होते, मन सुंदर आहे म्हणून.

मास्क

लग्नाच्या दिवशी मी मास्क लावून गेलो. इरफान वगैरे काही असो, हॉलभर पाहुणे डोळ्यांसमोर आणून माझं धाडस टेमघरच्या नाक्यावरच उतरलं होतं. विहीणबाईंनी लांबूनच समाधानाने मान डोलावली.

प्रज्ञा पांढऱ्या साडीत आली. मी तिचा बाप आहे, माझा डोळा खोट शोधणारा आहे, आणि मला खडू उचलावासा वाटला नाही. ती माझ्याकडे बघून हसली. मीही हसलो. तिला ते दिसलं नाही, मास्क होता. तिने क्षणभर वाट बघितली आणि मग दुसरीकडे बघायला लागली.

बस, एवढंच झालं. तेवढ्यावर मी मास्क काढायचं ठरवलं. मास्क काढण्याचं दुसरं कारणही होतं, तेही सांगतो, नाहीतर शूरपणाचा आव आणल्यासारखं होईल. मास्क आतून लाळेने भिजला होता आणि हनुवटीला फडक्यासारखा चिकटला होता. त्याला वास यायला लागला होता. त्या ओल्या चिंधीत तोंड घालून मी लेकीच्या लग्नात उभा होतो. मी मास्क ओढला, कोटाच्या खिशात कोंबला आणि शकूताईच्या मालकांच्या हातातली काडेपेटी काढून घेतली. ते बिचारे काडी ओढायच्याच बेतात होते.

मेणबत्ती लावली. त्रिशरण सुरू झालं. 'बुद्धं' म्हणताना ब गेला, 'धम्मं' म्हणताना म गेला. मोठ्याने म्हटलं. पुढच्या रांगेतली एक छोटी मुलगी आईला विचारत होती, "ते आजोबा असं का बोलतात?" आईने तिच्या तोंडावर हात ठेवला. आजोबा या शब्दाने मला वाकड्या तोंडाहून जास्त दुखावलं.

मग स्टेजवर फोटो. फोटोग्राफर हौशी होता, माझी हकीकत त्याला ठाऊक नव्हती. "काका, हसा ना! मुलीचं लग्न आहे!" मी हसलो. "अजून!" मी अजून हसलो. त्याने कॅमेऱ्यातला फोटो बघितला, मान वर केली, पुन्हा खाली बघितलं. आणि हळू आवाजात, जणू माझ्यावर उपकार करत, म्हणाला, "असू द्या काका. मी नंतर करतो ॲडजस्ट."

अल्बम

अल्बम आला त्या दुपारी शकूताई अंजूरहून मुद्दाम आली होती. प्रज्ञा आणि जावई खारबावहून. सगळे सतरंजीवर गोल बसलो. जाड पानं, चकचकीत, प्रत्येक पानावर फुलं उधळलेली. मधल्या पानावर आमचा मोठा फोटो. नवरानवरी, आणि शेजारी मी आणि रंजना.

शकूताईने टाळी वाजवली. "अगं बया! हिरो परत आला की रं!"

खरंच आला होता. तोंड सरळ. दोन्ही डोळे सारखे उघडे, ओठांची दोन्ही टोकं सारखी वर. ऑपरेशनचा व्रण गायब. महिनोन्महिने मी ज्याच्यासाठी आरशासमोर गाल चोळले, ते सगळं फोटोग्राफरने बसल्या जागी करून दिलं होतं. मी फोटो खिडकीपाशी नेला, उजेडाकडे.

सवय वाईट. डोळा किनारीपासून सुरू झाला.

डाव्या गालावर तीळ होता. उजव्या गालावरही तीळ होता. तसाच टपोरा, त्याच उंचीवर. पठ्ठ्याने माझा डावा अर्धा चेहरा उचलून, उलटा करून, उजवीकडे चिकटवला होता. आईने पोटातून एक तीट लावून पाठवलं, याने दोन केल्या. त्या फोटोत मी एक धड आणि एक उलटा असा दोनदा होतो, आणि एकदाही नव्हतो. इतका एकसारखा ताका टेबलावर आला असता तर मी इरफानला हाक मारून विचारलं असतं, माल बदलला का रे कुणी?

"छान केलंय की," जावई भिडस्तपणे म्हणाला.

रंजना स्वयंपाकघरातून हात पुसत आली. तिने अल्बम घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"हा कोण?" 

"अगं, तुझा नवरा!" शकूताई म्हणाली.

"हा? माझ्या शेजारी भलताच कोण उभा केलाय हा?" रंजना खरोखरच चिडली होती. "माझा माणूस असा हसत नाही. ह्यांचा डावा ओठ आधी वर जायचा. उजवा मागनं यायचा, दमून आल्यासारखा. पहिल्यापासून. आजारी नव्हते तेव्हापासून."

मी उडालोच. "म्हणजे माझं तोंड आधीपासून वाकडं होतं?"

"होतं की."

"आणि तू इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही आरशाला विचारायचात."

शकूताई पदर तोंडाला लावून हसायला लागली. प्रज्ञाही. मला संताप आला. ज्या चेहऱ्यासाठी मी एवढा शोक केला, तोही फ्रेश नव्हता, आणि घरातल्या एका माणसाला ते लग्नाच्या दिवसापासून ठाऊक होतं. तिने खूण केली नव्हती. बघितलं होतं, आणि ताका तसाच पुढे ओढला होता.

मी खिशातला खडू काढला आणि फोटोच्या कडेला खोटीची खूण करायला गेलो. चकचकीत कागदावर खडू बसेना. घसरायला लागला. तेव्हा फोटोग्राफरला फोन लावला.

"काका, आवडला का अल्बम?"

"मधलं पान बदलून दे. मूळ फोटो घाल."

"काका, मूळमध्ये ते... उजवी साइड जरा... घरात लावायला बरं नाही दिसणार. लोक विचारतील."

"विचारू देत. तो फोटो फ्रेश आहे."

फ निसटला. फोनवर शिंतोडे.

"काय आहे?"

"फ्रेश."

"आवाज तुटतोय काका. हरेश कोण?"

रंजनाने माझ्या हातातून फोन हिसकावला. "फ्रेश म्हणतायत ते! फ्रेश! जसा आहे तसा छाप." फोन बंद केला, पदराला पुसला आणि माझ्या मांडीवर टाकला.